बुडालेल्या युद्धविमानावर डायव्हिंग करताय? या चुका टाळा

समुद्रतळाशी पडलेलं विमान म्हणजे छोटं जहाज नव्हे. जहाजाचा पोलादी सांगाडा डायव्हरचा एखादा धक्का सोसतो. विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा मुळातच पातळ, त्यात ऐंशीएक वर्षं खाऱ्या पाण्यात झिजलेला. बहुतेक चुका हा फरक विसरल्यानेच होतात.

सगळ्यात घातक चूक होते ती पाण्यात उतरण्याआधीच: विमानाच्या नावावर भाळून खोलीकडे दुर्लक्ष करणं. कोर्सिकातल्या कॅल्व्हीजवळचं बी-१७ बॉम्बर सुमारे २७ मीटरवर आहे, क्रोएशियातल्या व्हिस बेटाजवळचं सुमारे ७२ मीटरवर. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची हद्द ४० मीटरची. ७२ मीटरवर साध्या हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) १.७ बारपर्यंत जातो आणि झटके येऊ शकतात; नेहमीची मर्यादा १.४ आहे. तिथे ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण) आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण हवंच. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) घेतलं की आणखी खोल जाता येतं, हाही गैरसमजच. ३२ टक्के नायट्रॉक्सची हद्द ३३ मीटरच्या आसपास संपते.

हवेचा हिशेब पृष्ठभागावरचा धरू नका. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून सिलिंडरही चौपट वेगाने रिकामा होतो.

फोटोसाठी पंख्याचं पातं किंवा शेपटी धरणं ही सर्रास दिसणारी चूक. तोल सावरण्यासाठी हात लावावासा वाटला, तर बोयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगत राहण्याचा समतोल, बिघडली आहे असं समजा. विमानापासून दूर होऊन ती आधी नीट करा. गाळ उठला तर फिन्स मारणं थांबवा, बडीला (जोडीदार डायव्हरला) नजरेआड होऊ देऊ नका आणि पाणी निवळू द्या. जाळ्यात किंवा तारेत अडकलात तर गिरकी घेऊ नका, गुंता वाढतो. थांबा, बडीला खूण करा, त्याला सोडवू द्या. कॉकपिटमध्ये तर शिरूच नका: जागा अरुंद, पत्र्याच्या कडा धारदार, आणि होज अडकायला तारा असतातच.

काडतूस, घड्याळ, साधा खिळासुद्धा उचलू नये. दारूगोळा अजून जिवंत असू शकतो. शिवाय अशी काही विमानं वैमानिकांच्या कबरी आहेत. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्याने लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या विमानांना आपोआप संरक्षण मिळतं.

बुकिंग करतानाच विचारा, बोट कायमच्या बोयाला बांधतात की नांगर टाकतात. विमानावर नांगर टाकणाऱ्यांबरोबर जाऊ नका.