या चुका टाळा: ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात तरुण खेळाडू घडवताना

२०१३चा हंगाम संपला आणि ब्रिस्बेन लायन्स या क्लबमधून पाच तरुण खेळाडू एकाच वेळी बाहेर पडले. सॅम डॉकर्टी कार्लटनकडे गेला, इलियट यो वेस्ट कोस्टकडे, जॅरेड पोलेक पोर्ट अ‍ॅडलेडकडे, बिली लाँगर सेंट किल्डाकडे आणि पॅट्रिक कार्नेझिस कॉलिंगवूडकडे. पाचही जण आपापल्या मूळ राज्यात परतले, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब. पुढे डॉकर्टी २०१७च्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला आणि कार्लटनचा सहकर्णधारही झाला. यो २०१८मध्ये वेस्ट कोस्टच्या विजेत्या संघात होता. म्हणजे गुण ओळखण्यात ब्रिस्बेनची चूक झाली नव्हती; मुले निवडली ती योग्यच, पण ती टिकवता आली नाहीत.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत क्लबांकडून होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. बिघाड शनिवारच्या सामन्यात दिसतो आणि त्याचे मूळ मात्र मुलाच्या घरात, शरीरात किंवा त्याला दिलेल्या कामात असते. त्यामुळे दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी मूळ कोठे आहे, हे शोधणे भाग पडते.

घर सुटल्याचा प्रश्न स्वभावदोष मानणे

एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, अठरा वर्षांच्या मुलाला आपला क्लब निवडता येत नाही. नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो, साधारणपणे तळाच्या संघाला आधी निवड मिळते, आणि ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जावे लागते. आयपीएलच्या लिलावातही संघ आपल्या हाती नसतो, पण तो संसार दोन महिन्यांचा; येथे नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला मुलगा वर्षभरासाठी, बहुधा अनेक वर्षांसाठी, परक्या शहरात राहायला जातो. मेलबर्न ते ब्रिस्बेन हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे आणि मेलबर्न ते पर्थ सुमारे २,७०० किलोमीटर.

अशा मुलाचा सराव मार्चपर्यंत उत्तम चालतो आणि मे महिन्यात तो अबोल होतो, झोप बिघडते, सुटीचा दिवस मिळताच विमान गाठतो. प्रशिक्षक त्याला ‘एकाग्रता नाही’ असा शेरा देऊन मोकळे होतात. तेथे पहिला प्रश्न त्याच्या किकिंगविषयी नव्हे, तर तो रात्री कोणाबरोबर जेवतो, याविषयी विचारायला हवा. अनेक क्लब नवख्या मुलांना पहिले वर्षभर एखाद्या यजमान कुटुंबात ठेवतात, आणि ही व्यवस्था वरवर दिसते त्यापेक्षा फार मोलाची आहे. कराराची बोलणी अखेरच्या महिन्यांपर्यंत लांबवणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे, कारण तोवर मूळ राज्यातल्या क्लबने मुलाच्या मनात घर केलेले असते.

ब्रिस्बेनने ही गोष्ट उशिरा, पण नीट दुरुस्त केली. २०१६च्या अखेरीस ख्रिस फेगन मुख्य प्रशिक्षक झाले. ते स्वतः या स्पर्धेत एकही सामना खेळलेले नव्हते, मात्र हॉथॉर्न क्लबमध्ये त्यांनी खेळाडू घडवण्याचेच काम केले होते. पुढच्या वर्षीच्या अखेरीस हॉथॉर्नच्या चार विजेतेपदांचा मानकरी ल्यूक हॉज निवृत्तीचा निर्णय फिरवून ब्रिस्बेनला आला आणि दोन हंगाम खेळला. तेहतिशी ओलांडलेला हा खेळाडू किती धावतो, याला फारसे महत्त्व नव्हते. बचावफळीत हॅरिस अँड्र्यूजसारख्या तरुणांच्या शेजारी उभा राहून तो सतत बोलत असे, जागा दाखवत असे, चूक झाली तर त्याच क्षणी सांगत असे. २०१७मध्ये तळाला असलेला संघ २०१९च्या साखळीत दुसरा आला आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन विजेतेपदे त्याने मिळवली. याचे सारे श्रेय हॉजला देणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही मैदानावर शेजारी अनुभवी माणूस नसणे ही किती मोठी उणीव असते, ते यावरून कळते.

गोल्ड कोस्ट सन्सच्या पहिल्या हंगामाकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. २०११मध्ये हा नवा क्लब गॅरी अ‍ॅब्लेटसारखे काही नामवंत आणि त्यांच्याभोवती कोवळ्या मुलांचा मोठा ताफा घेऊन उतरला, पहिला सामना ११९ गुणांनी हरला, आणि बाद फेरीत पोहोचायला त्याला २०२५ उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीने ल्यूक पॉवर, चॅड कॉर्न्स, डीन ब्रोगन, जेम्स मॅकडोनल्ड असे कारकिर्दीच्या उतरणीवरचे खेळाडू मुद्दाम घेतले. हरले तेही, आणि पुष्कळ हरले. पण २०१९मध्ये ते अंतिम सामना खेळत होते.

निवडीचा क्रमांक पाहून घाई करणे

मेलबर्न क्लबने २००८च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर जॅक वॉट्सला निवडले. पुढच्या जूनमध्ये, तो अजून बारावीत शिकत असतानाच, राणीच्या वाढदिवसाच्या सुटीला होणाऱ्या कॉलिंगवूडविरुद्धच्या गाजावाजाच्या सामन्यात त्याला एमसीजीवर उतरवण्यात आले. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला सुरुवातीलाच कसे घेरून आपटले, ते दृश्य त्याच्या नावाला कायमचे चिकटले. वॉट्स पुढे वाईट खेळला असे नाही, पण जो मोजमापाचा गज त्या दिवशी हाती धरला गेला तो कोणी खाली ठेवलाच नाही.

त्याच क्लबने पुढच्या वर्षी ३४व्या क्रमांकावर मॅक्स गॉन हा उंच मुलगा घेतला. त्याचा पहिला सामना २०११मध्ये झाला, गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्याला दीर्घकाळ बाहेर बसवले, आणि ऑल-ऑस्ट्रेलियन संघात त्याचे नाव पहिल्यांदा आले ते २०१६मध्ये, म्हणजे सातव्या हंगामात. २०२१मध्ये मेलबर्नने ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार गॉन होता. रकमन, म्हणजे मध्यभागी उडालेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू, आणि उंच आक्रमक यांची शरीरे उशिरा भरतात. चपळ मिडफील्डर एकोणिसाव्या वर्षी तग धरू शकतो, पण दोन मीटरच्या मुलाकडून तीच अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. म्हणून प्रत्येक मुलासाठी अपेक्षेचे वेळापत्रक त्याच्या जागेनुसार लिहून ठेवावे, आणि पहिल्या सरावाच्या दिवसापासून ड्राफ्टचा क्रमांक कोणत्याही बैठकीत उच्चारू नये.

पैशाचेही असेच आहे. २०१३चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू टॉम बॉयड एकाच हंगामानंतर सात वर्षांच्या प्रचंड करारावर वेस्टर्न बुलडॉग्जकडे आला, २०१६च्या अंतिम सामन्यात तो मोलाचे खेळला, आणि २०१९मध्ये तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. मानसिक स्वास्थ्याविषयी तो स्वतः उघडपणे बोलला आहे. मोठ्या रकमेचा भार पेलायला कोणी शिकवत नाही, आणि क्लबच्या मानसशास्त्रज्ञाकडे मुलगा आपणहून येईल असे गृहीत धरणे हा निष्काळजीपणा आहे. भेटी वेळापत्रकातच असाव्यात, म्हणजे जाणारा वेगळा पडत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात सर्वांइतकेच धावायला लावणे

शाळेच्या आणि अठरा वर्षांखालील स्पर्धांतून आलेल्या मुलाला पूर्णवेळ व्यावसायिक सरावाची सवय नसते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, सुरू होणाऱ्या पूर्वतयारीत तो ज्येष्ठांच्या बरोबरीने धावतो, कारण मागे राहणे त्याला लाजिरवाणे वाटते, आणि फेब्रुवारीत पाठीत, नडगीत किंवा पावलात हाडाला ताणाची इजा होते. जीपीएसच्या बनियनमधून रोजचे अंतर आणि वेगाच्या धावा मोजल्या जातातच. त्या आकड्यांवर निर्णय घेणारा माणूस मात्र प्रशिक्षकाला ‘आज याला थांबवा’ असे सांगू शकणारा हवा. पहिल्या वर्षी काही सत्रे मुद्दाम वगळणे आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवणे हाच खरा उपाय आहे. डोक्याला मार लागून कन्कशन झाले तर पुनरागमनाआधी किमान बारा दिवसांचा नियम आहे. बारा ही खालची मर्यादा आहे, सुटण्याची तारीख नव्हे.

राखीव संघाचा चुकीचा वापर

व्हीएफएल, एसएएनएफएल आणि डब्ल्यूएएफएल या दुसऱ्या फळीच्या स्पर्धांत तरुण खेळाडू तयार होतो, पण अट एकच: मुख्य संघात त्याला जे काम द्यायचे आहे, तेच तेथेही द्यायला हवे. बचावपटू म्हणून हवा असलेला मुलगा तेथे मिडफील्डमध्ये फिरून तीस वेळा चेंडू हाताळतो, आकडे पाहून त्याला वर बोलावले जाते, आणि वर आल्यावर त्याला बचाव सांभाळता येत नाही. मग दोष मुलाच्या माथी येतो.

बदली खेळाडूच्या नियमानेही पुष्कळ नुकसान केले. २०११ ते २०१५ या काळात आणि २०२१ ते २०२५ या काळात पुन्हा, बाकावर बसलेल्या तरुणाला शेवटच्या चतुर्थांश खेळासाठी उतरवले जाई, आणि तेवढ्यासाठी राखीव संघातला पूर्ण सामना त्याच्या हातून जाई. असे दोन-तीन आठवडे लागोपाठ झाले की दम आणि आत्मविश्वास दोन्ही ओसरतात. खेळाडूला आठवड्यातून एक पूर्ण सामना मिळालाच पाहिजे, मग तो कोणत्याही मैदानावर असो.

चित्रफितींचा मारा

सोमवारी वीस चुका दाखवल्या की शनिवारपर्यंत एकही लक्षात राहत नाही. दोन चित्रफिती पुरेत, आणि त्यांतली एक जमलेल्या खेळाची असावी.

निरोप कसा देतो, याकडे दुर्लक्ष

बहुतेक मुलांचा पहिला करार दोन वर्षांचा असतो आणि त्यातल्या अनेकांना तो संपताच जावे लागते. हंगाम संपल्यावर पाच मिनिटांच्या बैठकीत हे कळवणारे क्लब विसरतात की त्या मुलाबरोबर एका घरात राहणारी आणखी दोन-तीन मुले पलीकडच्या खोलीत आहेत. शिक्षण किंवा एखादा व्यवसाय शिकण्याची सोय पहिल्याच वर्षी लावून द्यावी, करारात नूतनीकरण होणार नसेल तर त्याची चिन्हे वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगावीत, आणि दुसऱ्या क्लबकडे त्याच्याविषयी खरे बोलावे. काही मुले राज्यस्तरीय स्पर्धेत दोन-तीन वर्षे खेळून, अंगाने भरून, पुन्हा ड्राफ्टमध्ये येतात, आणि कोणत्या क्लबने आपल्याला कसे वागवले हे तेव्हा त्यांना नीट आठवत असते.