ट्रान्झिस्टर चांगलाच होता, उलटा बसला होता
प्रीअँपमधला (बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) बीसी ५४७ ट्रान्झिस्टर उडाला म्हणून हाताशी होता तो २एन ३९०४ लावला, दोन्ही एनपीएन म्हणजे एकाच जातीचे, दिसायलाही सेम, तरी आवाज एकदम बारीक. दोन दिवस नुसतं सोल्डरिंग तपासत बसलो! मग काढून कंपोनंट अॅनलायझरला (पार्ट ओळखून तपासणारं छोटं यंत्र) लावला (काढूनच लावा, बोर्डवर असताना आजूबाजूचे रेझिस्टर रीडिंग बिघडवतात), पाय कुठल्याही क्रमाने जोडले तरी तो बरोबर ओळखतो. एनपीएन, गेन (करंट किती पट वाढवतो ते) १८०, बेस आणि एमिटर या पायांमध्ये ०.६८ व्होल्ट, म्हणजे पार्ट ठणठणीत. पण पायांचा क्रम बघितला आणि ट्यूब पेटली, सपाट बाजू समोर धरली की ५४७ ला डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि ३९०४ ला नेमकं उलटं. फिरवून बसवला, आवाज खणखणीत!