ॲप बाजारात आल्यावर येणाऱ्या तक्रारी: या चुका टाळा

छोट्या दुकानांसाठीचं बिलिंग ॲप प्ले स्टोअरवर आलं की पहिल्याच आठवड्यात मेसेज सुरू होतात: "चालत नाही", "प्रिंट नीट येत नाही", "एक्सेल द्या". तीन-चार जणांच्या टीमची इथे फार शक्ती वाया जाते. वापरणारा त्याला काय दिसलं ते सांगतो. ते का झालं, हे शोधणं आपलं काम आहे. बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

"चालत नाही" ऐकून थेट कोड उघडणं

"चालत नाही" म्हणजे ओटीपी आला नाही, प्रिंटर जोडला गेला नाही, सिंक (फोनवरच्या नोंदी सर्व्हरशी जुळवणं) अडकलं किंवा ॲप खरंच बंद पडलं. डेव्हलपर आधी शेवटच्या शक्यतेकडे धावतो, कारण क्रॅश रिपोर्ट, म्हणजे ॲप बंद पडल्याची नोंद, त्याच्यासमोरच उघडा असतो.

ओटीपीचं उदाहरण घ्या. भारतात कंपन्यांनी पाठवायच्या एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळला नाही, तर तो वाटेतच अडवला जातो. एखाद्याने चांगल्या हेतूने त्या वाक्यातला शब्द बदलला, तरी लॉगिन ठप्प होऊ शकतं. आपला सर्व्हर "पाठवला" असंच दाखवतो आणि क्रॅश एकही नसतो. म्हणून लॉगिनच्या तक्रारी एकदम वाढल्या, तर आधी एसएमएस पुरवणाऱ्याचा डिलिव्हरी रिपोर्ट बघा.

प्रिंटरच्या तक्रारी याहून फसव्या. स्वस्त थर्मल प्रिंटरच्या अंगभूत अक्षरसंचात बहुधा देवनागरी नसते. त्यामुळे "तूरडाळ १ किलो" असा मजकूर सरळ पाठवला की कागदावर भलतीच चिन्हं उमटतात. उपाय म्हणजे बिलाची प्रतिमा तयार करून ती छापणं. पण ५८ मिमीच्या प्रिंटरवर एका ओळीत साधारण ३८४ ठिपके बसतात आणि ८० मिमीच्या प्रिंटरवर ५७६. रुंद प्रिंटरसाठी बनवलेली प्रतिमा अरुंद प्रिंटरला गेली की उजवी कड कापली जाते आणि रक्कम नेमकी तिथेच असते. दुकानदार कळवतो, "बिलात रक्कम येत नाही", आणि टीम बेरजेचा कोड तपासत बसते. बिल अर्ध्यावर थांबत असेल, तर प्रिंटरची मेमरी भरत असण्याची शक्यता मोठी. प्रतिमा पट्ट्या-पट्ट्यांनी, मध्ये थोडी उसंत देऊन पाठवा.

प्रिंटर यादीत दिसतच नसेल, तर अँड्रॉइडची आवृत्ती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. १२ पासून ब्लूटूथसाठी "जवळची डिव्हाइस" ही वेगळी परवानगी लागते. ११ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांवर नवं उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागते. दुकानदाराने ती घाईत नाकारलेली असते.

ही माहिती त्याला टाइप करायला लावू नका. ॲपमध्ये "अडचण कळवा" असं बटण ठेवा. ॲपची आणि अँड्रॉइडची आवृत्ती, फोनचं मॉडेल, शेवटचं सिंक कधी झालं, प्रिंटरची रुंदी हे सगळं मेसेजला आपोआप जोडलं जाऊ द्या. माणसाला दोनच गोष्टी विचारा: काय करायला गेलात आणि काय झालं? सोबत बिलाचा फोटो. फोटोत किंवा स्क्रीनशॉटमध्ये गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर, उधारी दिसते. ते फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. मर्यादित लोकांनाच दिसतील असे ठेवा आणि काम झाल्यावर काढून टाका.

मागितलं ते जसंच्या तसं बनवणं

"एक्सेल द्या" म्हटलं म्हणून एक्सेल देऊ नका. "शेवटचं कधी लागलं होतं? तेव्हा काय केलंत?" असं विचारा. बऱ्याचदा उत्तर असतं: सीएने मागितलं. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जायचं असतं आणि सीएला एचएसएननुसार, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या कोडनुसार, गोषवारा हवा असतो. प्रत्येक बिलाची लांबलचक शीट देऊन ते काम होत नाही. इथे एखाद्या सीएशी अर्धा तास बोलणं, दहा दुकानदारांच्या मागण्या मोजण्यापेक्षा जास्त उपयोगी.

मेसेज मोजणं, दुकानं न मोजणं

एकच माणूस वीस मेसेज करतो, म्हणून ती अडचण वीस जणांची होत नाही. साध्या शीटमध्ये प्रत्येक अडचणीची एक ओळ ठेवा आणि तिच्यापुढे वेगवेगळी दुकानं किती, ते लिहा. क्रम लावताना मात्र नुसता आकडा बघू नका. हिशेब चुकतोय किंवा नोंदी गायब होतायत, अशी तक्रार एकाच दुकानाची असली तरी ती सगळ्यांत आधी घ्यायची. त्यानंतर बिल अडतं ते, मग ज्याला पर्यायी वाट आहे ते, आणि शेवटी नव्या इच्छा.

आणि जे काहीच बोलत नाहीत, त्यांचं काय? चार-पाच बिलं करून दोन आठवडे गप्प झालेल्या दुकानांची यादी डेटाबेसमधून काढा. त्यातल्या दहा जणांना फोन करा, दुपारी, गर्दी नसताना. "ॲप कसं वाटलं?" असं विचारलं की "छान आहे" एवढंच ऐकू येतं. "सध्या बिल कशावर करता?" असं विचारा, म्हणजे वहीकडे का परतले ते कळतं.

प्ले स्टोअरवर वाद घालणं

तिथे रिव्ह्यूला द्यायच्या उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे. अडचण समजली का, कुठे पाहतोय आणि संपर्क कसा करायचा, एवढंच त्यात लिहा. रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा फोन नंबर तिथे मागू नका, सगळ्यांना दिसतो. दुरुस्ती झाल्यावर तेच उत्तर बदलून आवृत्तीचा क्रमांक टाका. रेटिंगसाठी सवलत देणं प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाही. रेटिंगची खिडकी दाखवण्याआधी "ॲप आवडलं का?" असं विचारून खूश लोकांनाच पुढे पाठवणंही बसत नाही.

दुरुस्ती एकदम सगळ्यांना सोडणं

नवी आवृत्ती आधी ५ टक्के लोकांना द्या, एक दिवस क्रॅश आणि तक्रारी बघा, मग वाढवा. गडबड दिसली तर वितरण थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर ती पोहोचली त्यांना मागे नेता येत नाही. जुना कोडसुद्धा वाढीव व्हर्जन कोड (आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) देऊनच पाठवावा लागतो. म्हणून शनिवार-रविवारच्या आधी आणि दिवाळीच्या खरेदीत मोठा बदल नको.

ज्याने तक्रार केली त्याला दुरुस्ती झाल्याचं कळवायचं मात्र बहुतेकदा राहून जातं. व्हॉट्सॲप बिझनेसचा एपीआय (आपल्या सर्व्हरवरून मेसेज पाठवायची सोय) वापरत असाल, तर दुकानदाराच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासांनी मोकळा मजकूर जात नाही, मंजूर टेम्प्लेटच लागतं. दुरुस्तीला तर दोन-चार दिवस लागतातच. त्यामुळे "तुम्ही कळवलेली अडचण अमुक आवृत्तीत दुरुस्त झाली आहे, अपडेट करून एक बिल छापून पाहा" असं टेम्प्लेट लाँचच्या आधीच मंजूर करून घ्या. त्याचं "झालं" असं उत्तर आल्यावरच शीटमधली ती ओळ बंद करा.