तंबोऱ्याशेजारचा कॉम्प्युटर

सांगलीतल्या आमच्या घरात आईची रियाजाची खोली आणि माझी कामाची खोली यांच्यात फक्त चार इंची भिंत आहे. पहाटे पाचला ती तंबोरा लावायला बसते, तेव्हा कधी कधी माझं रात्रीचं काम चालूच असतं. मी व्हल्कनमध्ये (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची प्रोग्रॅमिंगची सोय) रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम, लिहिते. इकडे शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होतायत, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतायत, ग्राफिक्स कार्ड तापतंय आणि पलीकडे खर्ज लागतोय. म्हणून आवाज न करणारा डेस्कटॉप जुळवणं ही माझ्यासाठी हौस नव्हती. असा कॉम्प्युटर कुणाला करायचा असेल तर मी काय घेतलं आणि का, ते सांगते.

पंख्यांकडे नंतर या, आधी वॅट मोजा. जितके वॅट आत जातात तितकी उष्णता बाहेर काढावी लागते, आणि ती काढतानाच आवाज होतो. ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगला सगळ्यात ताकदवान कार्ड लागत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं), मेश शेडर (आकार कार्डावरच घडवणं) अशा सोयी कार्डात असल्या की झालं. मी आरटीएक्स 4060 घेतलं. त्याची मर्यादा 115 वॅट आहे, तर 4090 ची 450. मोठमोठे सीन लोड करणाऱ्यांना 8 जीबी मेमरी अपुरी पडेल. त्यांनी 4060 टीआयचं 16 जीबीवालं घ्यावं, ते 165 वॅटचं आहे. त्याच चिपची दोन कार्डं समोर असतील तर मोठा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) असलेलं आणि कमी तापमानात पंखे पूर्ण थांबवणारं निवडा.

प्रोसेसर रायझन 5 7600, म्हणजे 65 वॅटचा. पूर्ण भारावर साधारण 88 पर्यंत जातो. दोन्ही मिळून 200 वॅट धरा. जुने 100 चे दोन पिवळे बल्ब जितके तापायचे तितकंच.

या प्रोसेसरमध्ये छोटं का होईना, स्वतःचं ग्राफिक्स आहे, आणि आपल्या कामात ते सोन्यासारखं आहे. मॉनिटर मी मदरबोर्डला जोडते. त्यामुळे कोड लिहिताना मोठं कार्ड झोपलेलं असतं, पंखे बंद. प्रोग्रॅम चालवताना मी ग्राफिक्स कार्डांच्या यादीतून मोठं कार्ड निवडते. शिवाय एकाच टेबलावर एएमडी (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा) आणि एन्व्हिडिया (मोठ्या कार्डाचा) असे दोन ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारे प्रोग्रॅम, मिळतात. बॅरियर (एक काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी सूचना) चुकला तरी एकावर चित्र नीट दिसतं आणि दुसऱ्यावर चौकटी-चौकटी उमटतात. असे बग मला घरबसल्या सापडलेत. 7500एफ थोडा स्वस्त मिळतो, पण नावात एफ असलेल्यात हे ग्राफिक्स नसतं. तो घेऊ नका.

7600 च्या खोक्यात येणारा कूलर बुटका असतो, कंपाइल सुरू झालं की किंचाळतो. तो काढून 120 मिलिमीटर पंख्याचा उंच टॉवर कूलर बसवा. माझा 158 मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी बघा. मोठा पंखा हळू फिरवायचा, एवढंच सूत्र. फेरे निम्मे केले की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते.

कॅबिनेटच्या बाबतीत मी दुकानदाराचं ऐकलं आणि पुढून काच असलेलं घेतलं. मे महिन्यात सांगलीत पारा 40 ला टेकतो. हवा घ्यायला वाटच नाही, म्हणून पंखे दिवसभर जोरात. महिन्याभरात ते विकून पुढून जाळी असलेलं आणलं. आतून फोम लावलेली कॅबिनेटं शांत म्हणून विकतात, पण आपल्या हवेत मला जाळीच बरी वाटते. उन्हाळ्यात छताच्या पंख्याचा आवाज असतोच. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, तेव्हा घरात टाचणी पडली तरी ऐकू येते आणि हवाही थंड असते. जाळीच्या आत फिल्टर हवाच. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतात पाचट पेटलं की काळी काजळी थेट खिडकीतून येते. मी दर पंधरवड्याला फिल्टर धुते.

एवढं करूनही काहीतरी खटकत होतं, काय ते सापडत नव्हतं. आईच्या तंबोऱ्याची जवारी काढायला (तारेचा झणकार जुळवायला) मिरजेहून कारागीर आले होते. सुताचा धागा घोडीवर सरकवता सरकवता थांबले आणि माझ्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "ताई, त्यात दोन सूर आहेत. लागलेले नाहीत." मी जाऊन बघितलं. पुढचा पंखा 900 आरपीएमवर (मिनिटाला 900 फेरे), मागचा 940 वर. दोघांनाही सात-सात पाती. 900 ला सेकंदाला 105 वेळा पातं समोरून जातं, 940 ला जवळजवळ 110 वेळा. म्हणून सेकंदाला चार-पाच हेलकावे ऐकू यायचे, वाँव-वाँव असे. मागचा पंखा 650 वर आणला आणि हेलकावा गेला. सगळ्या पंख्यांना एकच वेग देऊ नका. एकाच आकड्यावर लावले तरी ते थोडे मागेपुढे फिरतातच. वेगांत मुद्दाम चांगलं अंतर ठेवा.

बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणारी रेषा 70 अंशांपर्यंत सपाट ठेवा. कंपाइल पाच-दहा सेकंदांचं असतं, तेवढ्यासाठी पंख्याने उसळी घ्यायची गरज नाही. हा प्रोसेसर 95 अंशांपर्यंत चालायला बनवलेला आहे. एकसारखा आवाज कान विसरतो, वर-खाली होणारा विसरत नाही.

एक आवाज मात्र आपल्याच कोडमधून येतो. नुसता त्रिकोण काढणारा प्रोग्रॅम मोकळा सोडला की सेकंदाला हजारो फ्रेम निघतात आणि कार्डातली कॉइल बारीक शिट्टी वाजवते. पंखा बदलून ती जात नाही. प्रेझेंट मोड (तयार फ्रेम मॉनिटरला कशी द्यायची ते ठरवणारं सेटिंग) फिफो ठेवा, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगानेच निघतात. व्हल्कनमध्ये तो मोड कायम मिळतोच. वेग मोजायचा असेल तेवढ्यापुरता काढा.

एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) 650 वॅटचा, कमी भारावर पंखा बंद ठेवणारा घेतला. रॅम 32 जीबी, एनव्हीएमई एसएसडी. फिरणारी हार्ड डिस्क आत ठेवलीच नाही. आणि लाइट गेल्यावर घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसएमपीएससुद्धा गुणगुणतो. आम्ही साइन वेव्हचा घेतला.

सगळं जोडून झालं की रात्री छताचा पंखा बंद करा, पूर्ण प्रोजेक्ट कंपाइलला लावा, मग अर्धा तास रे ट्रेसिंगचा सीन चालू ठेवा. तोवर आपल्या खुर्चीत बसू नका, ज्याची झोप किंवा रियाज सांभाळायचाय त्याच्या जागेवर जाऊन बसा. मी आईच्या सतरंजीवर बसले होते. घड्याळाची टिकटिक ऐकू आली, तेव्हा उठून कॅबिनेटचं झाकण लावलं.