पुश-अप करताना मनगट दुखायचं, ते असं थांबलं

लक्षण: घरच्या घरी स्क्वॅट, लंज, प्लँक सगळं व्यवस्थित, पण पुश-अपला मनगटाच्या वरच्या बाजूला, घडीच्या जागी, टोचल्यासारखं दुखायचं.

क्रेप बँडेजने फरक पडला नाही. जाड मॅटने तर दुखणं वाढलं, कारण मऊ मॅटमध्ये तळहाताची टाच रुतते आणि मनगट आणखी मागे वळतं. फार वैताग आला.

उपाय याच क्रमाने करा. नाशिकच्या थंडीत पहाटे फरशी गार आणि सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी ओणवं होऊन, गुडघे आणि तळहात टेकून 10 वेळा हळू पुढे-मागे झुला. मग बोटं गुडघ्यांकडे वळवून पुन्हा 10 वेळा. त्यानंतर पुश-अप फरशीवर नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर. हात छातीच्या रेषेत, बोटं पसरलेली, टोकं ओट्यात रोवल्यासारखी दाबलेली. तर्जनीच्या मुळाशी भार जाणवला पाहिजे. खरी मेख इथेच आहे, कारण बोटं सैल पडली की सगळं वजन तळहाताच्या टाचेवर येतं. कोपरं धडापासून साधारण 45 अंशांत ठेवा.

8 चे 3 सेट. न दुखता 12 चे 3 जमले की भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, मग जिन्याची पायरी, शेवटी फरशी. तोवर प्लँक कोपरांवरच करा.

सूज असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर हे करू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.