हेलिकॉप्टर डोंगरावर पाणी टाकायला आलं की खाली आपण काय करायचं

मार्च आला की गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात गवत पाचोळा सगळा कुरकुरीत होतो. २०२३ च्या मार्चमधे म्हादई अभयारण्यात आग लागली तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती, आठवत असेलच. आग विझवायला हिरव्या फांद्या घेऊन जाणारी पोरं आपल्याकडे भरपूर, पण डोक्यावर हेलिकॉप्टर असताना कसं वागायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी ड्रोन. उडवायचाच नाही, "दोनच मिनिटं" पण नाही. पाणी टाकायला हेलिकॉप्टर इतकं खाली येतं की ते आणि आपला ड्रोन एकाच उंचीवर असतात, आणि धुरात पायलटला एवढंसं खेळणं कुठून दिसणार? जानेवारी २०२५ मधे लॉस एंजेलिसच्या आगीत पाणी टाकणाऱ्या विमानाला एक ड्रोन आपटला, पंखाला भोक पडलं, विमान सुखरूप उतरलं पण ऐन आगीत काही दिवस जमिनीवर बसून राहिलं. एका ड्रोनपायी!

आता पाणी. खाली दोरावर लटकते ती बांबी बकेट, हवाई दलाच्या मि-१७ हेलिकॉप्टरची साधारण साडेतीन हजार लिटरची, म्हणजे साडेतीन टन वजन झालं. ते एकदम पडलं की वाळक्या फांद्या तुटतात, उतारावरचे दगड सुटतात. त्यामुळे हेलिकॉप्टर येताना दिसलं की त्याच्या वाटेतून आडव्या दिशेने बाजूला व्हायचं, वाटेतच पुढे पळत सुटायचं नाही. अगदीच वेळ नाही मिळाला तर पालथं झोपायचं, डोकं हेलिकॉप्टर येतंय त्या बाजूला, हेल्मेट घट्ट, पाय थोडे फाकवून, आणि कोयता अंगाखाली ठेवायचा नाही, हात लांब करून बाजूला धरायचा. (हेल्मेट नसेल तर तू तिथे काय करतोयस बाबा, खाली जा.)

पाणी पडलं म्हणजे आग विझली असं नाही, ती फक्त दबते, बुंध्यातले निखारे खालच्या माणसांनाच विझवावे लागतात. पण लगेच घुसू नका, आधी मान वर करून अर्धवट तुटलेली फांदी लटकतेय का बघा. पंख्याच्या वाऱ्याने निखारे उडून मागे नवीन आग पण लागते, तेव्हा एक माणूस पाठीकडे बघायला ठेवाच.

काजूच्या बागेत ताडपत्री, रिकामी पोती पडलेली असतात, ती आधीच गोळा करून दगडाखाली दाबा, उडून पंख्यात गेली तर संपलं. धरणावर बकेट भरत असतील तर होडी, जाळी, पोहणारी पोरं सगळं बाहेर.

विजेच्या तारांचं मात्र नीट ऐका. वरून तार दिसत नाही, पायलट खांब शोधतो, आणि आपल्याकडे खांब झाडीत बुडालेले. कुठल्या घळीवरून लाईन आडवी गेलीय हे गावातल्या माणसालाच माहीत असतं, ते फॉरेस्टवाल्यांना हेलिकॉप्टर यायच्या आधी सांगायचं, जमलं तर जागेवर नेऊन दाखवायचं.

हेलिकॉप्टर मैदानात उतरलं तर पंखा थांबेपर्यंत जवळ जायचं नाही, बोलावलं तरच समोरून पायलटला दिसेल असं जायचं, शेपटीकडे कधीच नाही, आणि उतारावर असेल तर खालच्या बाजूने, कारण वरच्या बाजूला पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. टोपी खिशात. उडाली तर तिच्यामागे धावू नका.