आधी डांबर, मग चिखल: जुनी फोर बाय फोर घ्यावी की नवी?

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर खारघरच्या भाच्याने मला गॅलरीत बोलावून घेतलं. फोनवर एका पांढऱ्या मारुती जिप्सीचे फोटो होते, जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. "मावशी, १९९९ ची आहे, साडेतीन लाख सांगतोय. घेऊ? का कर्ज काढून नवी जिम्नी घेऊ?" मी विचारलं, "जाणार कुठे, आणि गाडीत कोण कोण असणार?" त्याला वाटलं मी उत्तर टाळतेय. पण या दोन प्रश्नांशिवाय उत्तर देताच येत नाही. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ठाणे-नवी मुंबईतून ऑफ-रोडला, म्हणजे रस्ता सोडून चिखला-दगडांत जाणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते.

आमच्या घरात जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या आहेत. वडील मुरबाड-शहापूर भागात रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. त्यांची १९८९ ची महिंद्रा एमएम ५४० अजून चालू आहे, २.१ लिटरचं प्यूजो डिझेल इंजिन, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी चालवायला मी त्याच जीपवर शिकले. दुसरी माझी मारुतीची जिम्नी, २०२३ ची. जिम्नी ठाण्यात असते, जीप मुरबाडला, भावाच्या अंगणात. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. का, ते पुढे येईलच.

पहिला हिशेब डांबराचा करा. ठाण्यातल्या चरईतून आम्ही वैशाखऱ्याच्या बाजूला निघालो की आधी कल्याण, मग मुरबाड, मग पुढचा माळशेजचा रस्ता. ऐंशी-नव्वद किलोमीटर डांबर, आणि त्याच्या शेवटी तीन-चार किलोमीटर खरा चिखल. पनवेलहून धोदाणीकडे गेलात तर अंतर कमी, पण प्रमाण फारसं बदलत नाही. म्हणजे ऑफ-रोडची गाडी म्हणून जी घ्याल ती बहुतेक वेळ कंटेनर आणि डंपरच्या मध्ये धावणार आहे. जीप साठच्या वर नेली की आवाज वाढतो, स्टिअरिंग हातात नाचतं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक ओले असतात, पहिल्या दाबाला धरतच नाहीत. डाव्या पायाने हलका ब्रेक धरून शंभर-दोनशे मीटर चालवून ते सुकवावे लागतात. अंधारात, पावसात, मागच्या सीटवर झोपलेलं मूल घेऊन परत येताना मला एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि तीन टोकांचा सीटबेल्ट हवाच. जिम्नीला सहा एअरबॅग आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलमध्ये आहे. महिंद्राच्या २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले. जुन्या जीपला आणि जिप्सीला एअरबॅग, एबीएस काहीच नाही. २०१० ते २०२० ची थारही शेवटच्या काही गाड्या सोडल्या तर एबीएसशिवायच आहे.

म्हणून माझं पहिलं मत अगदी सरळ आहे: घरात एकच गाडी असेल आणि त्यात कुटुंब बसणार असेल, तर नवी घ्या. इथे मी कुणाशी वाद घालत नाही.

आता चिखलाकडे येते, कारण जुन्या-नव्याचा खरा फरक तिथे पायाला कळतो. मागच्या ऑगस्टमध्ये भावाच्या गावाजवळच्या ओढ्यावर आम्ही दोन्ही गाड्या नेल्या. ओढ्यातून वर येताना तांबड्या मातीचा चढ आहे. ट्रॅक्टरने त्यात दोन खोल खड्डे पाडलेले, एक डावीकडे, दुसरा थोडा पुढे उजवीकडे. पुढे भाऊ जीप घेऊन गेला. फोर व्हील, लो गिअर (हळू पण जास्त जोराने चालवणारा), सगळं लावलेलं. तरी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं आणि जीप थांबली. ती दोन चाकं भिंगरीसारखी फिरत होती, उरलेली दोन घट्ट जमिनीवर असून ढिम्म हलत नव्हती.

यात बिघाड काहीच नव्हता. साध्या डिफरन्शियलचा (एकाच एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा) स्वभावच तो आहे: जे चाक सहज फिरतं तेच तो फिरवतो. फोर बाय फोरमुळे जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटला जातो, पण एकाच एक्सलच्या दोन चाकांत वाटला जात नाही. भावाने उतरून खड्ड्यात गोटे भरले, दहा हात मागे घेऊन पुन्हा चढवली आणि गाडी वर आली. वीस मिनिटं गेली.

मग मी जिम्नी त्याच खड्ड्यांत घातली. तीच दोन चाकं हवेत गेली. पायाखालून कर्रकर्र आवाज आला, गाडी क्षणभर थरथरली आणि हळूच पुढे सरकली. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, मग जोर त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाकडे जातो. यात एक गोष्ट शिकावी लागते: तो आवाज ऐकून पाय उचलायचा नाही. ॲक्सिलरेटर एकसारखा धरून दोन-तीन सेकंद थांबायचं. नवीन माणूस घाबरून पाय सोडतो, गाडी मागे घसरते, आणि मग गाडीला दोष देतो.

पण त्याच दिवशी शेताच्या उंच बांधावर जिम्नीचं पोट टेकलं आणि जीप मात्र सहज उतरून गेली. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी आहे, थारचा २४५०, जुन्या जिप्सीचा २३७५, आणि जीप त्याहूनही आखूड. कागदावर एवढासा वाटणारा हा फरक बांधावर फार मोठा होतो. शिवाय जिप्सीचं वजन हजार किलोच्या आसपास; चिखलात हलकी गाडी कमी रुतते आणि चार माणसं तिला ढकलू शकतात.

ब्रेकवर चालणाऱ्या या युक्तीपेक्षा खरा लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) चांगलाच. थारच्या काही मॉडेलना मागे मेकॅनिकल लॉकर येतो, तो आपोआप लागतो. जुन्या थारलाही २०१५ च्या फेसलिफ्टपासून तो मिळू लागला. फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे असे दोन्ही लॉकर आहेत, चालवणाऱ्याने लावायचे. सतत दगडांत जायचं असेल तर हे बघा. आपल्याकडच्या ओढे-बांध-चिखलाला बहुतेक वेळा जिम्नीची सोय पुरते.

नव्या गाडीचं दुसरं अंग मी एका मैत्रिणीच्या डिझेल गाडीत पाहिलं. गाडी कुठली ते सांगत नाही, हे कुठल्याही गाडीला होऊ शकतं. मुरबाडच्या पुढे, मोबाईलला रेंज नाही अशा जागी, मीटरवर पिवळा दिवा लागला आणि इंजिनाने दमच सोडला. गाडी चालू होती, पण चढ चढेना. गावातला मिस्त्री आला, बॉनेट उघडून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, याला कॉम्प्युटर लागंल." क्रेन यायला संध्याकाळ झाली. नंतर कळलं, एका सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. जीपचा डिझेल पाइप फुटला तेव्हा त्याच मिस्त्रीने नळीचा तुकडा आणि दोन क्लिप लावून आम्हाला पाऊण तासात वाटेला लावलं होतं. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी घेणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: सायलेन्सरच्या वाटेवर काजळी गाळणारा डीपीएफ असतो. दिवसभर लो गिअरमध्ये रांगत राहिलात तर तो भरतो. परतताना हायवेवर अर्धा तास एकसारखी चालवली की काजळी जळून जाते. आणि तो जळत असताना गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका.

जुनी घ्यायचं ठरलंच, तर आता शांतपणे ऐका. इंजिनाकडे सगळे बघतात. तुम्ही आधी चासीकडे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडे बघा. आपली हवा खारी आहे. बेलापूर, वाशी, कोपरीच्या खाडीकाठी उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पापड झालेली असू शकते. छोटी हातोडी घेऊन खाली झोपा. पाट्यांचे हँगर जिथे चासीला बसतात तिथे, बॉडीच्या माउंटजवळ आणि मागच्या क्रॉस मेंबरवर हलकेच ठोका. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला, किंवा ताज्या काळ्या रंगाखालून पापुद्रा सुटला, तर किंमत कितीही कमी असो, उठा आणि चहा पिऊन घरी या.

मग पुढची चाकं. एक चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर किंगपिनचे (ज्यावर चाक वळतं त्या खिळीचे) किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. अशीच गाडी पन्नासला खड्ड्यात आपटली की स्टिअरिंग जोरात थरथरायला लागतं. नकलजवळ (चाक वळतं त्या सांध्याजवळ) ग्रीस-ऑइल गळत असेल तर सील गेलंय, ते काम स्वस्त आहे, पण भाव पाडायला उपयोगी. प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने फिरवून बघा. त्यानंतर फोर व्हील लावूनच बघा, विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. मात्र सुक्या डांबरावर लावून वळू नका: या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल नसतो, पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) बिघडतो. मातीचा मोकळा तुकडा शोधा, लो गिअर टाका, थोडा चढ घ्या, आणि कुणालातरी बाहेर उभं करून पुढची चाकं ओढतायत का ते बघायला सांगा.

हब विसरू नका. वडिलांच्या जीपला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब लॉक आहेत. २००६ च्या जुलैमध्ये बारवी धरणाच्या बाजूला मी आतून फोर व्हीलचा दांडा ओढला आणि हब लॉक करायला उतरलेच नाही. पुढच्या चाकांपर्यंत जोर गेलाच नाही आणि जीप चासीपर्यंत रुतली. बैलजोडी आणून काढावी लागली. तो शेतकरी पैसे घेईना; वडिलांनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्या बांधाची पडलेली दगडं लावून दिली.

कागदांचं थोडक्यात. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर खासगी गाडीची आरटीओत पुन्हा नोंदणी लागते, ती पाच वर्षांची असते. एप्रिल २०२२ मध्ये या फेरनोंदणीची फी पाच हजार झाली होती, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली; पर्यावरण कर वेगळा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं फार नेहमीचं आहे. आरसीवर त्याची नोंद नसेल तर सौदा सोडा. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. कार्ब्युरेटरची जिप्सी घेतलीत तर आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी रबरी नळ्या आणि गॅस्केट आधीच बदलून टाका.

आणखी एक फसगत जुन्या-नव्या दोन्हींत होते. थार आहे म्हणजे फोर बाय फोरच असं नाही. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, आणि जुन्या थार डीआय आणि जीपमध्येही टू व्हील होत्या. आत दुसरा दांडा किंवा स्विच आहे का, ते आधी बघा.

कुठलीही गाडी घ्या, पहिला खर्च टायरवर करा, दिव्यांवर आणि बंपरवर नको. चिखलात शिरण्याआधी हवा ३० वरून १८-२० पीएसआयवर आणा, परत डांबरावर यायच्या आधी छोट्या कॉम्प्रेसरने भरा. पाण्यात आधी काठी घेऊन स्वतः उतरा. कंपनी नव्या थारला ६५० मिमी पाणी चालेल म्हणते, पण ते संथ पाण्याचं आहे, पावसाळी ओढ्याचं नाही. मांडीएवढं वाहतं पाणी गाडी उचलतं, मग ती जुनी असो की नवी. येऊरच्या जंगलात गाडी घालू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. आणि लावणी झालेल्या खाचरात चाक गेलं तर एका घराचं वर्षभराचं भात जातं, याचा विचार स्टिअरिंग धरण्याआधी करा.

तर जुनी कुणी घ्यावी? ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे, ओळखीचा जुना मिस्त्री आहे, महिन्यातला एक रविवार गाडीखाली झोपायची तयारी आहे, आणि शक्य असेल तर ती चिखलाजवळ ठेवायला गावाला जागा आहे. त्याच्यासाठी जुन्या जिप्सीसारखं, जीपसारखं दुसरं काही नाही. लो गिअरमध्ये इंजिनाच्या बळावर, ब्रेकला पाय न लावता घसरडा उतार उतरणं मी जीपवर शिकले, आणि आज जिम्नीत उतरण सोपी करणारी यंत्रणा असूनही माझा पाय त्याच सवयीने चालतो.

भाच्याबरोबर मी वाशीला ती जिप्सी बघायला गेले. मागच्या हँगरजवळ हातोडी भद्द वाजली. शिवाय त्याची मुलगी तीन वर्षांची, घरात दुसरी गाडी नाही. त्याने दोन वर्षं वापरलेली जिम्नी घेतली, उरलेल्या पैशांतून चांगले टायर घातले. ऑफ-रोड मात्र तो मुरबाडला जीपवरच शिकतो. डांबर संपलं की मी काही बोलत नाही. तो आपणहून उतरतो, आधी डावा हब, मग उजवा, दोन्ही बोटांनी शेवटपर्यंत फिरवतो, आणि मगच आत येऊन दांड्याला हात लावतो.